नशेच्या गोष्टीतले मधले दिवस

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत एका कारखान्यावर छापा टाकला. शेकडो किलो मेफेड्रोन सापडलं. मेफेड्रोन म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे ‘एमडी’ म्हणतात, तेच. बातमी येऊन तास झाला नसेल, तर आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मीम हजर. टक्कल, हनुवटीवर दाढी, काळी हॅट आणि मागे एमआयडीसीची पाटी. वॉल्टर व्हाइट कुरकुंभला आला होता.

मीम चांगला होता, मीही हसलो. पण एक गोष्ट लक्षात आली. एवढा माल पकडला गेला, म्हणजे तो कुणीतरी ओढणार होतं, हुंगणार होतं. त्या माणसाचा मीम कुणाकडेच नव्हता. बनवणाऱ्याचा चेहरा आम्हाला लगेच सापडला, घेणाऱ्याचा नाही. माझ्या पिढीच्या डोक्यात नशेची जी गोष्ट बसली आहे, तिच्यात नशा करणारा माणूस कडेला उभा आहे. तो तिथे कसा गेला आणि त्यामुळे बिघडतं काय, ते या लेखात बघायचं आहे. त्यासाठी चार कलाकृती घेतो. एक अमेरिकन मालिका, एक हिंदी सिनेमा, एक मराठी नाटक आणि एक मराठी पुस्तक.

सुरुवात ‘ब्रेकिंग बॅड’पासून. २००८ ते २०१३, पाच सीझन, ६२ एपिसोड. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ही मालिका न पाहिलेला मुलगा सापडणं कठीण. शाळेत केमिस्ट्री शिकवणाऱ्या मास्तराला कॅन्सर होतो, घरच्यांसाठी पैसे हवेत म्हणून तो मेथ बनवायला लागतो. आपल्याला ती का आवडते हे उघड आहे. हुशार असूनही मागे पडलेला माणूस आपलं ज्ञान वापरून जगाला धडा शिकवतो, हे स्वप्न आपल्या क्लासेसच्या संस्कृतीत वाढलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचं आहे. वॉल्टरचा अभिमान कशाचा, तर मालाच्या शुद्धतेचा. टक्केवारीचा! दहावीपासून टक्के मोजत आलेल्या आम्हाला हा माणूस आपला वाटला नसता तरच नवल.

मालिका नशेचे परिणाम लपवत नाही, हे आधीच मान्य करतो. दुसऱ्या सीझनमध्ये एका नशेबाज जोडप्याच्या घरात कळकट टीव्हीसमोर एकटं बसलेलं पोर आहे. तो एपिसोड पाहून पोटात खड्डा पडतो. पण ६२ एपिसोडचा वेळ कुणाला मिळाला, ते बघा. प्रयोगशाळा, पैसा, टोळ्या, पोलीस आणि वॉल्टरचं घर. व्यसन सोडून जगायचा प्रयत्न करणारं एक ठळक पात्र मालिकेत आहे, जेसीची मैत्रीण जेन. ती अठरा महिने नशेपासून लांब आहे. अठरा महिने! त्यातले सकाळचे किती चहा, किती बस, किती रिकामे रविवार तिने कसे काढले असतील? ते आपल्याला दिसत नाही. दिसतं ते तिचं घसरणं, आणि मग मरण. तेही तिच्यासाठी नाही. ती गुदमरत असताना वॉल्टर नुसता बघत उभा राहतो आणि तो किती खाली गेलाय हे आपल्याला कळावं, यासाठी. जेनचं मरण वॉल्टरच्या खात्यावर जमा होतं.

त्यानंतर जेसी पुनर्वसन केंद्रात जातो. तिथले काही प्रसंग खरंच चांगले आहेत. पण बाहेर आल्यावर कथानक काय करतं? जेसी आणि त्याचे मित्र व्यसन सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकांत बसून तिथेच माल विकायला बघतात. जिथे लोक वाचायला येतात, ती जागा कथेसाठी बाजारपेठ होते. जेसीच्या काळेपणासाठी तो प्रसंग जबरदस्त आहे. 

आता आपल्याकडचा सिनेमा. ‘उडता पंजाब’ जून २०१६ मध्ये आला तो कोर्टाची पायरी चढून. सेन्सॉर बोर्डाने बरंच काही कापायला सांगितलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने एक कट आणि सूचनापाटीतल्या बदलासह तो सोडला. अभिषेक चौबेंचा हा सिनेमा धाडसी आहेच. नशा ही ‘मोठ्या घरच्या बिघडलेल्या पोरांची’ गोष्ट नसून शेतमजुराची, पोलिसाच्या धाकट्या भावाची, औषधाच्या बाटलीची आणि निवडणुकीच्या पैशाचीही आहे, हे त्याने मोठ्या पडद्यावर मांडलं. आलिया भट्टने केलेली बिहारी मजूर मुलगी तर हिंदी सिनेमात क्वचित दिसणारी आहे. तिला नशा लावली जाते, तिने ती निवडलेली नाही.

पण इथेही तोच हिशेब लावा. सिनेमात उपचार करणारी एकच व्यक्ती ठळक आहे, डॉक्टर प्रीत. ती व्यसनमुक्ती केंद्र चालवते. पोलीस अधिकारी सरताजचा भाऊ बल्ली तिच्या केंद्रात दाखल होतो. इथे वाटतं, चला, आता हा मुलगा कसा उभा राहतो ते दिसेल. पण केंद्रात कमी आणि कारस्थान शोधण्यात जास्त, असा प्रीतचा वेळ जातो. शेवटी बल्ली केंद्रातून पळायच्या धडपडीत तिलाच मारतो. यानंतर सरताज बंदूक उचलतो आणि सिनेमा सूडाच्या ओळखीच्या रस्त्याला लागतो. बल्लीचं पुढे काय? कथेला त्याची गरज उरलेली नाही. डॉक्टर मेली, पेशंट विसरला गेला आणि प्रेक्षकाला गोळीबार मिळाला.

मी दिग्दर्शकांना दोष द्यायला बसलेलो नाही. गोळीबाराला सुरुवात आणि शेवट असतो, चाळीसाव्या दिवशी नशा न करता झोपी जाण्यात कॅमेऱ्याला पकडण्यासारखं काय आहे? अडचण खरी आहे. पण ती सोडवली गेली नाही, त्याची किंमत कुणीतरी मोजतं. त्याकडे येतोच. त्याआधी आपल्या घरातलं नाटक.

‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं. ते पाहायला राम गणेश गडकरी नव्हते, त्याच वर्षी जानेवारीत ते गेले होते. शंभर वर्षं उलटली तरी दारूबद्दल मराठी माणूस जे काही बोलतो, त्याच्यावर या नाटकाची सावली आहे. शाळेतलं पथनाट्य घ्या, गावातलं कीर्तन घ्या, व्यसनमुक्तीचं पोस्टर घ्या. सगळीकडे एकच सांगाडा: पहिला प्याला, मग उतरण, मग घराची राखरांगोळी. नाटकाच्या नावातच सिद्धान्त आहे.

मी नाटक वाचलं ते याच समजुतीने, आणि वाचताना चकित झालो. कारण गडकरी पोस्टरवाल्यांपेक्षा फार पुढचे आहेत. सुधाकर चैन म्हणून पीत नाही. तो हुशार, मानी वकील आहे. कोर्टातल्या भांडणातून त्याची सनद काही काळासाठी जाते, आणि तो अपमान त्याला गिळता येत नाही. तेव्हा त्याचा कारकून तळीराम त्याच्यासमोर प्याला धरतो, दुःख विसरायचं औषध म्हणून. व्यसनाच्या मुळाशी मजा नाही, न सोसलेली लाज आहे, हे गडकऱ्यांनी तेव्हाच ओळखलं.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. सुधाकर मध्येच दारू सोडायचं ठरवतो. मनापासून ठरवतो. कामधंदा मागायला जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो. ते त्याला उभं करत नाहीत. त्याच्या पूर्वीच्या पिण्याचा हिशेब त्याच्या तोंडावर मारतात. आणि तो परत प्याल्याकडे वळतो. म्हणजे ज्या नाटकाला आपण ‘पहिल्या प्याल्याचं नाटक’ म्हणतो, ते खरं तर दुसऱ्यांदा उचललेल्या प्याल्याचंही नाटक आहे. पहिल्या वेळी तळीराम होता. दुसऱ्या वेळी सभ्य लोक होते.

पण नाटक तिथे थांबत नाही. पुन्हा पिणाऱ्या सुधाकरासाठी गडकऱ्यांकडे फक्त उतरण आहे. पोर मरतं, सिंधू मरते, तो स्वतः विष घेतो. शोकांतिकेचा नियमच तो. आणि आपल्या स्मरणात राहिला तो शेवट. ते दार ठोठावणं पुसलं गेलं.

हे सगळं मी एखाद्या विद्यार्थ्यासारखं का तपासतोय, ते आता सांगतो. माझा एक जुना फ्लॅटमेट आहे. माझ्यासारखाच इंजिनिअर, माझ्यापेक्षा चांगला. रात्रीच्या शिफ्टमध्ये जागं राहायला म्हणून, मग शनिवारी मजा म्हणून, मग सोमवारी ऑफिसला जाता यावं म्हणून, असा तो दीड वर्ष एमडी घेत होता. एमडीचा कैफ फार टिकत नाही, दोनेक तासांत उतरायला लागतो, आणि उतरताना पुन्हा घ्यावंसं वाटतं. एकाच रात्रीत माणूस किती वेळा घेतो याचा हिशेब त्यालाही राहत नाही. शेवटी घरच्यांना कळलं, तो उपचाराला गेला, बाहेर आला. हे लिहायला त्याची परवानगी आहे, अट एकच, नाव नको.

सात महिने त्याने काही घेतलं नाही. मग एका लग्नाच्या आदल्या रात्री एकदा घेतलं. एकदाच. त्यानंतरच्या आठवड्याबद्दल तो जे म्हणाला ते मला विसरता येत नाही. “अरे, एका रात्रीचं काही नव्हतं रे. पण सकाळी वाटलं, सात महिने शून्य झाले. आता संपलंच ना सगळं, मग थांबायचं कशाला?” पुढचे सहा दिवस तो थांबला नाही. सातव्या दिवशी त्याच्या मोठ्या बहिणीने त्याला समुपदेशकाकडे नेलं. ती एवढंच म्हणाली, “दादू, दोनशे दहा दिवस कुठे जात नाहीत. ते तुझेच आहेत.”

यात नवं काही नाही. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकातच हे मांडून ठेवलं आहे. पूर्ण वर्ज्य पाळणारा माणूस एकदा घसरला, की ‘मी हरलो, मी असाच’ ही भावना त्याला त्या एका घसरण्यापेक्षा जास्त खोल नेते. घसरणं आणि कोसळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या मधली जागा माणूस स्वतःला कोणती गोष्ट सांगतो, यावर बरीचशी ठरते.

माझा मुद्दा इथे आहे. ‘एकाच प्याल्यात सगळं संपतं’ ही गोष्ट ज्याने अजून हात लावलेला नाही, त्याला कदाचित वाचवत असेल. पण जो सोडून सात महिने झालेत आणि काल रात्री घसरला, त्याच्यासाठी तीच गोष्ट घातक आहे. ती त्याला सांगते, की तुझा शेवटचा अंक सुरू झाला. आणि त्याच्याजवळ दुसरी गोष्ट नसते. जेन मेली, बल्लीला सिनेमा विसरला, सुधाकराने विष घेतलं. घसरून पुन्हा उठलेल्या माणसाचं एकही ठसठशीत पात्र त्याने कधी पाहिलेलं नसतं. वर गर्दसारख्या अफूपासून बनणाऱ्या नशेत आणखी एक धोका असतो. बरेच दिवस न घेतल्याने शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे जुन्याच मापाचा डोस जीव घेऊ शकतो. अशा माणसाला ‘आता संपलंच’ हे सांगणारी गोष्ट देणं म्हणजे काय, याचा विचार करा.

म्हणून मला चौथ्या पुस्तकाकडे यावंसं वाटतं. अनिल अवचट, ‘गर्द’. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर आपल्या शहरांत शिरली. अवचट तिच्या मागावर गेले, आणि पोलीस किंवा तस्कर यांच्यापाशी न थांबता ते ओढणाऱ्या पोरांपाशी आणि त्यांच्या आईबापांपाशी जाऊन बसले. त्यांचं लिहिणं तुम्हाला माहीत असेल. छोटी वाक्यं, शेजारी बसून बोलल्यासारखी. विशेषणं जवळजवळ नाहीत. आजच्या वाचकाला ‘गर्द’ काही ठिकाणी जुनं वाटेल, त्यातली भीतीची छटा गडद वाटेल. पण त्या लेखनाने एक दुर्मीळ गोष्ट केली, ते छापून येऊन संपलं नाही. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. ते चालवलं अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा यांनी, ज्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. १९९७ मध्ये त्या गेल्या, पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम हाती घेतलं.

या सगळ्याची हकिगत अवचटांनी नंतर ‘मुक्तांगणची गोष्ट’मध्ये सांगितली. साहित्य म्हणून मला ते पुस्तक ‘गर्द’पेक्षाही महत्त्वाचं वाटतं, आणि कारण अगदी साधं आहे. त्यात मधले दिवस आहेत. तिथे व्यसन सोडलेली माणसंच पुढे कार्यकर्ते होतात, नव्याने आलेल्याशी बोलतात. म्हणजे नव्याने आलेल्याला समोर जिवंत पुरावा दिसतो, की गोष्ट इथून पुढेही जाते. पुन्हा पिऊन परत आलेला पेशंट तिथे खलनायक नसतो, परत आलेला पेशंट असतो.

आणि मुक्तांगणमध्ये पेशंटच्या बायकांचा गट आहे, ‘सहचरी’. हे नाव वाचलं आणि मला सिंधू आठवली. सिंधू मरताना फौजदाराला सांगते, की मी पडले, नवऱ्याने मारलं नाही. मराठी रंगभूमीने या त्यागापुढे शंभर वर्षं डोळे पुसले. पण तिला बोलायला कुणी बाई हवी होती, असं किती प्रेक्षकांना वाटलं? दळण दळत एकटी सोसणारी सिंधू आणि एका खोलीत गोल करून बसलेल्या, आपल्या नवऱ्याबद्दल मोकळेपणाने चिडणाऱ्या बायका. मराठी समाज व्यसनाबद्दल जे नवं शिकला, ते या दोन चित्रांच्या मधल्या अंतरात आहे. आपलं नाटक-सिनेमा मात्र अजून पहिल्या चित्रापाशी रेंगाळलं आहे.

अवचटांवर एक आक्षेप घेता येईल. त्यांच्या लिखाणात चांगुलपणा इतका सहज येतो, की जे बरे झाले नाहीत त्यांचा अंधार कमी जागा घेतो. आक्षेपात तथ्य आहे. पण त्या अंधारावर आपल्याकडे आधीच भरपूर लिहिलं, दाखवलं गेलंय. तराजू दुसरीकडे झुकलेला असताना हा दोष मला सोसवतो.

हे सगळं थोड्या लोकांबद्दल नाही. केंद्र सरकारसाठी एम्सच्या केंद्राने केलेली देशभरातली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानुसार अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे सव्वादोन कोटी, आणि त्यातल्या जवळपास ७७ लाखांना मदतीची गरज. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतल्या एकालाच काही ना काही उपचार मिळतो. बेकायदा नशेच्या आहारी गेलेल्यांत हे प्रमाण २० जणांत एक. उरलेले उपचारापर्यंत पोचत नाहीत. कारणं अनेक आहेत, केंद्रं कमी, पैसा नाही. पण लाज हेही कारण आहेच, आणि लाज गोष्टींतून तयार होते. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात नशा करण्याला शिक्षा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच कायद्यातल्या ६४अ कलमात स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे, हे किती जणांना माहीत आहे? छाप्याची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली, या कलमाची नाही. १४४४६ ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, तीही बहुतेकांच्या फोनमध्ये नसते.

शेवटी भाषेबद्दल एक छोटी गोष्ट. माझ्या मित्राला नातेवाईक विचारतात, “सुटली का?” प्रेमानेच विचारतात. पण या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही. ‘हो, सुटली’ म्हणावं तर उद्याचं माहीत नाही. ‘नाही’ म्हणावं तर गेले इतके महिने खोटे पडतात. ‘सुटली’ हे संपलेल्या क्रियेचं रूप आहे, आणि त्याचं जगणं चालू क्रियेत आहे. मी त्याला विचारलं, मग काय विचारायला हवं? तो म्हणाला, “आज कसं चाललंय, एवढं पुरे.”

मला वाटतं, मराठीत व्यसनावर पुढचं नाटक, पुढची मालिका किंवा कादंबरी लिहिणाऱ्याने याच प्रश्नापासून सुरुवात करावी. पहिला प्याला आम्हाला पाठ आहे. शेवटचाही आहे. नव्वदावा दिवस लिहा, ज्या दिवशी काहीही घडत नाही, पगार जमा होतो, ओळखीच्या नंबरावरून मेसेज येतो आणि माणूस फोन उलटा ठेवून भाजी चिरायला घेतो. तो प्रसंग रंगवता येत नाही असं म्हणणाऱ्याने एकदा त्या माणसाच्या हातातल्या सुरीकडे बघावं. ती किती हळू चालते आहे, आणि का.